आबाजींचा फॉर्म बी

मोठी आत्या ही आबाजींच्या धाकट्या भावाची मुलगी, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, लग्नपत्रिकेत, सगळीकडे तिच्या वडिलांच्या जागी आबाजींचंच नाव. तिचे जन्मदाते वडील, आमचे लहान आबाजी, चंद्रपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत छत पडून गेले. तेव्हा आत्या पाळण्यात होती. त्यांचा फोटो नाही, चिठ्ठीचपाटी नाही. दीड वर्षाने तिच्या आईने पाट लावला आणि आत्या कायमची आजीच्या कुशीत आली.

२०२२ च्या दिवाळीआधी काकांच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून आजीची लोखंडी संदूक हलवावी लागली. आत पीएफच्या वर्षावर्षाच्या पावत्या, बोनसचं कार्ड, आबाजींचा पितळी बिल्ला आणि चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद. वर्ष १९८७. माथ्यावर लिहिलं होतं सर्व्हिस एक्सर्प्ट. मी तो वाचत असताना आत्या हात पुसत शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "याच्यात माझ्या बापाचं नाव आहे का गं?"

आबाजींना सोडून दुसऱ्या कोणाला ती बाप म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिथून पुढचं सगळं वर्ष त्या प्रश्नामागे गेलं. खाणीत राबलेल्या माणसाच्या नातवंडांना असे कागद कुठे शोधायचे, हे मला सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आधी त्या कागदाबद्दल. १९८७ च्या सुमाराला सरकारी कोळसा खाणींतल्या कामगारांना त्यांच्या सेवेच्या नोंदींचा असा उतारा दिला गेला होता. चूक असेल तर सांगा, म्हणून. बऱ्याच घरांत तो अजून संदुकीत पडून असेल. त्यावर नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, पहिलं पद, सध्याचं पद, घरातली माणसं आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे फॉर्म बी रजिस्टरातला अनुक्रमांक असतो. फॉर्म बी हे खाणीचं हजेरीइतकंच महत्त्वाचं पुस्तक. खाणीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कामगाराची त्यात नोंद, समोर अंगठा किंवा सही. जुन्या खाणकामगारासमोर "फॉर्म बी" एवढं म्हणा, तो लगेच सावरून बसतो.

आबाजींची जन्मतारीख तिथे १ जुलै १९३२ होती. खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. नुसतं वर्ष माहीत असलं की १ जुलै धरायची, अशी खाणीतली रीत. त्या तारखेवर ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. नोकरीची सुरुवात १९५९. पहिलं पद लोडर, सध्याचं पद टिंबरमन. मी ही ओळ वाचली आणि पुढे गेले. तिच्यावर थांबायला हवं होतं, ते मला दहा महिन्यांनी कळलं.

आबाजी मूल तालुक्यातले. घरची धानाची दीड एकर बांधी, खाणारी तोंडं आठ. १९५९ मध्ये गावातल्या दोघांबरोबर ते चंद्रपूरला आले तेव्हा खाण खाजगी मालकाची होती. सुरुंगाचे बार उडाले की सुटलेला कोळसा टोपल्यांनी टबात भरायचा, आणि जितके टब तितकी मजुरी. तेच लोडरचं काम. १९६३ मध्ये त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. "मीच आनलो त्याले" हे वाक्य आबाजी म्हातारपणी कधीकधी एकटेच बोलत. कशाबद्दल, ते आम्ही मुलं विचारत नसू. २००४ मध्ये ते गेले, छातीच्या दुखण्याने. खाण सुटून बारा वर्षं झाली होती, तरी खोकताना काळं पडायचं, आणि खोकल्यानंतर गुळाचा खडा तोंडात टाकायची सवय शेवटपर्यंत राहिली.

१२ एप्रिल २०२३ ला मी माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज पाठवला. त्यात दोन चुका होत्या.

पहिली, अर्जदार म्हणून मी माझं नाव घातलं. सेवेच्या नोंदी ही माणसाची वैयक्तिक माहिती. तिसऱ्याने मागितली तर नकार येऊ शकतो. विधवा पत्नीने मागितली तर तिचं नातं सरळ दिसतं. दुसरी, फी म्हणून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत ते चालतं, केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी चालत नाही. तिथे रोख, डिमांड ड्राफ्ट किंवा दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर लागते. अर्ज परत आला. तीन आठवडे गेले.

दुसरा अर्ज आजीच्या नावाने. तिला सही येत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा, त्याखाली "अर्ज वाचून दाखवला" असं लिहून माझी सही, सोबत तिचं आधार, आबाजींचा मृत्यूचा दाखला आणि १९८७ च्या उताऱ्याची झेरॉक्स. पोस्टल ऑर्डर दहा रुपयांची, वर किरकोळ कमिशन. ८ मे ला स्पीड पोस्टाने गेला. पोचपावती जपून ठेवा, कारण तीस दिवस अर्ज तिथे पोचल्या दिवसापासून मोजायचे असतात.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. मी "माझ्या पतीच्या सेवेचे सर्व कागद" असं मागितलं होतं. उत्तरात म्हटलं होतं की मागणी नेमकी नाही आणि ती खाण बंद झाल्याने जुने कागद दुसरीकडे हलवले आहेत. मी तो कागद घेऊन नागपुरात माझ्या खोलीत रडले. आता काही मिळणार नाही असंच वाटलं. मग कळलं की पहिलं अपील करता येतं. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, त्याच संस्थेतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि केंद्राच्या कार्यालयांत त्याला फी नाही. अपिलात मी तीनच ओळी लिहिल्या. फॉर्म बी रजिस्टरातलं अमुक अनुक्रमांकाचं पान. त्याची साक्षांकित प्रत. आणि पान सापडत नसेल तर कायद्याच्या कलम २(जे) प्रमाणे आम्हाला रजिस्टर स्वतः पाहू द्यावं. मोठा अर्ज, मोठं उत्तर असं काही नसतं. पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा लिहिला की समोरच्याला कपाट उघडावंच लागतं.

अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, लांबला तर पंचेचाळीस दिवसांत यायला हवा. त्या काळात मी दर शनिवारी नागपूरहून एसटीने चंद्रपूरला जात होते आणि आजीला विचारत होते. तीन तासांचा प्रवास. खरं सांगायचं तर कागदांपेक्षा जास्त माझ्या हाती त्या शनिवारांत आलं.

लहान आबाजी कोणत्या साली गेले हेच कोणाला सांगता येत नव्हतं. आत्याच्या दाखल्यावर जन्मवर्ष १९६६ होतं, पण तेही शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेलं. आजीला साल विचारलं की ती हात हलवायची, "काजून बापा." मग जुलैच्या शेवटी एकदा ती ओसरीवर मोहरी निवडत बसली होती. अधिक श्रावण चालू होता, काकू धोंड्याचं जेवण कोणाकडे यावर बोलत होत्या. आजी मान वर न करता म्हणाली, "त्याही वर्सी असाच सावन दोनदा आलता. पोरा लांब गेला. पोऱ्यायले बैलं घेऊन देतो मने माजा दीर, अन पोऱ्याच्या आंगच गेला."

मी मोहरी बाजूला ठेवली. "पोरा? पोळा म्हणतेस?"

"पोराच तं. सा दिवस होते पोऱ्याले."

झाडीपट्टीत ळ चा र होतो, हे माहीत असूनही मला क्षणभर कळलं नव्हतं. पोळा श्रावण अमावास्येला. अधिक श्रावण आला की तो महिनाभर पुढे जातो, थेट सप्टेंबरात. मी जुनी पंचांगं धुंडाळली. अधिक श्रावण १९५८ मध्ये होता, पण तेव्हा दोघेही भाऊ गावात होते. १९७७ मध्ये होता, तेव्हा आत्या पाचवीत होती. मधे एकच, १९६६. साल सापडलं, आणि पोळ्याआधी सहा दिवस म्हणून दिवसही.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. त्या वर्षी पोळा कधी होता, पाऊस कसा होता, कोण पोटात होतं, कोणाच्या लग्नाला जाता आलं नाही, हे विचारा.

साल सापडल्यावर आजी त्या दिवसाबद्दल बोलली. सगळं नाही. दुपारच्या पाळीला दोघे भाऊ एकत्र उतरले होते. बत्तीघरातून बत्त्या घेतल्या, बिल्ले दिले. कामाची जागा मात्र वेगवेगळी. बार उडाल्यावर छत ठोकून बघायचं असतं. सब्बल वर आपटली की घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. सुटलेलं असेल तर आधी पाडायचं, मग छताला टेकू म्हणून लाकडाच्या थुण्या लावायच्या, मग भरायला माणूस घालायचा. त्या दिवशी थुण्या लागायच्या आधी टब लागले होते. एवढंच आबाजींनी तिला सांगितलं होतं, तेही वर्षभराने. आबाजींनी भावाला हातांनी उकरून काढलं. रात्री घरी आणलं तेव्हा चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं, असं आजी दोनदा म्हणाली.

"मंग तुजे आबाजी भराले गेलेच नाई. सायबाले मनले, मले थुन्या लावाचा काम द्या. त्याच्यात पैसा कमी होता, मी भांडलो. पाच पोरं होती घरी. आयकलेच नाई."

पहिलं पद लोडर, सध्याचं पद टिंबरमन. टिंबरमन म्हणजे थुण्या लावणारा. ती ओळ मी ऑक्टोबरात वाचली होती.

मला लगेच १९९८ आठवलं. काकांच्या घराचा स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, आणि आबाजी काठी घेऊन खोलीखोलीत फिरत छत ठोकत होते. कान वर करून, एकेक हात अंतरावर. आम्ही भावंडं त्यांच्यामागे काठ्या घेऊन तसंच करत खिदळत होतो. ते रागावले नाहीत. पूर्ण छत ठोकून झाल्यावर म्हणाले, "झोपा आता."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अपिलाचा निर्णय आला. रजिस्टर पाहायची परवानगी मिळाली, २४ ऑगस्ट, सकाळी अकरा. अशा पाहणीला पहिला तास फुकट असतो, पुढे दर तासाला पाच रुपये. प्रतीला ए-फोर पानामागे दोन रुपये, पान मोठं असेल तर खरा खर्च. सोबत अपिलाच्या आदेशाची प्रत, आजीचं ओळखपत्र आणि तिने मला दिलेलं अधिकारपत्र नेलं. ते न्याच, नाहीतर दारातूनच परतावं लागेल. आत्याला म्हटलं, चल. ती म्हणाली, "नाही. माझा बाप आबाजीच आहे. तू बघून ये." मी आग्रह केला नाही.

रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते खाणी सरकारकडे गेल्यानंतर नव्याने लिहिलेलं होतं. चंद्रपूरकडच्या खाणींचा कारभार सरकारने ३१ जानेवारी १९७३ ला हाती घेतला आणि १ मे १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झालं. त्याआधीच्या मालकाचं रजिस्टर तिथे नव्हतंच. म्हणजे १९६६ मध्ये गेलेल्या माणसाचं नाव त्या कपाटात असणं शक्य नव्हतं. हे मला तिथे पोचल्यावर समजलं. घरात कोणी १९७३ च्या आधी गेलं असेल, तर ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या.

पान उघडून देणारे बाबू निवृत्तीला आलेले होते. त्यांनी अनुक्रमांकावर बोट ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. आबाजींचं नाव, वडिलांचं नाव, मौजा, तालुका. ओळखीची खूण: उजव्या हाताची करंगळी वाकडी.

ती करंगळी मला माहीत होती. बशीतून चहा पिताना ती बाहेर राहायची. मी लहान असताना तिलाच धरून चालायचे. आणि समोर निळ्या शाईतला अंगठा, जरा जास्तच दाबून उठवलेला, मधल्या रेषा पुसलेल्या. टोपली धरून धरून झिजलेला अंगठा. मला तिथे बसून राहावंसं वाटलं. बाबूंनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही विचारलं नाही.

घरच्या माणसांच्या रकान्यात पहिलं नाव मोठ्या आत्याचं होतं. नातं: मुलगी. ही नोंद करवून घेताना ती सात वर्षांची होती.

मी आजीचंही नाव शोधून पाहायला सांगितलं. राष्ट्रीयीकरणाआधी सात-आठ वर्षं तिने ठेकेदाराकडे वॅगन भरल्या होत्या. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला मनाई होती, त्यामुळे त्या वर, रेल्वेच्या साइडिंगवर. डोक्यावर टोपली, पायाखाली फळी, पाठीला पोर. १९७३ नंतर ठेकेदार गेला तसं तिचं कामही गेलं, कारण तिची नोंद कुठेच नव्हती. बाबूंनी तीन रजिस्टरं चाळली. नाव नाही. घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणाली, "माजा कोन लिवन?" याबद्दल मला अजून फार वाईट वाटतं आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

लहान आबाजींच्या अपघातासाठी मी खाणसुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयालाही दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज केला. इतके जुने कागद उपलब्ध नाहीत, असं उत्तर आलं.

उरला कोतवाल बुक. विदर्भात गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वी कोतवालाच्या पुस्तकात होत, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक अजून त्याच्या नकला काढतात. मी पहिल्यांदा मूल तालुक्यातल्या आमच्या गावचं पुस्तक शोधायला गेले. एक दिवस फुकट गेला. नोंद मरण झालं त्या मौजात होते, मूळ गावी नाही. कामगारांची चाळ कोणत्या मौजात येत होती ते जुन्या शेजाऱ्यांना विचारून घेतलं आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला. इथे कोर्ट फी तिकीट चालतं. वर्ष आणि महिना लिहिला असेल तर शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं. नुसतं "१९६० ते १९७०" लिहिणाऱ्यांचे अर्ज शेजारच्या टेबलावर ढिगाने पडलेले मी पाहिले. अर्जात "मृताशी नातं" असा रकाना होता. आत्याकडे ती त्यांची मुलगी असल्याचा एकही कागद नाही, म्हणून इथेही अर्जदार आजी, नातं भावजय. आबाजींच्या आणि लहान आबाजींच्या वडिलांचं नाव एकच, हे फॉर्म बीच्या प्रतीवरून दाखवता आलं.

११ सप्टेंबरला अर्ज, २६ सप्टेंबरला नक्कल. तिकीट आणि नक्कल फी मिळून शंभराच्या आत. सगळ्या वर्षाचा खरा खर्च म्हणजे एसटीचं भाडं आणि कापलेल्या सुट्ट्या.

एक ओळ. ८ सप्टेंबर १९६६. नाव, बापाचं नाव, वय २२. कारण: खदानीत दगड पडून. नाव घरातलं हाक मारायचं लिहिलेलं, कागदावरचं नाही. कोतवालाला जसं सांगितलं तसं त्याने लिहिलं असणार, आणि सांगणारे आबाजीच असणार.

मी दोन नकला काढल्या होत्या. त्याच संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने चष्मा लावला, पण कागद माझ्याच हातात राहू दिला आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाली. मग आबाजींच्या अंगठ्याची प्रत घेऊन ती बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली.

इतकी वर्षं तिथी माहीत नाही म्हणून लहान आबाजींचं पान सर्वपित्रीला, सगळ्यांबरोबर वाढलं जायचं. २९ सप्टेंबरला आत्याचा फोन आला. गुरुजींकडे तारीख घेऊन जाऊन तिने तिथी काढून आणली होती. आजीला विचारून घे म्हणाली, त्यांना जेवणात काय आवडायचं.